निर्वासित किती पिढ्यांपर्यंत?

चंद्रपूर शहरात ‘बंगाली कॅम्प’ नावाची वस्ती आहे. कॅम्प म्हणजे तळ, आज पडला की उद्या हलायचा. हा तळ कधी हलला नाही, तरी नाव तेच राहिलं. इकडे गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं आहेत. १९६४ च्या दंगलींनंतर तिकडून मोठे लोंढे आले. अनेकांचा पहिला मुक्काम रायपूरजवळच्या माना कॅम्पात पडला. पुढे त्यांतल्या काहींना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलभागात जमिनी देऊन वसवण्यात आलं. (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये.) मराठीने या माणसांना नाव दिलं ‘निर्वासित’.

या शब्दाचं व्याकरण पाहण्यासारखं आहे. ‘निर्’ म्हणजे बाहेर, ‘वास’ म्हणजे राहणं. त्यातून प्रयोजक क्रियापद झालं, आणि त्याचं कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधित म्हणजे निर्वासित. ज्याला कुणीतरी घराबाहेर काढलं, असा. हाकलणारा दुसराच आणि घटना घडून गेलेली, या दोन्ही गोष्टी त्या ‘इत’ प्रत्ययात आहेत. खुलना किंवा बारिसाल सोडून आलेल्या आजोबांना हा शब्द तंतोतंत लागू होतो. मुलचेऱ्यात जन्मलेल्या नातवाला कुणी कुठून काढलं? तरीही तो निर्वासितच म्हणवला जातो.

ही माणसं स्वतःसाठी वेगळा शब्द वापरतात: उद्वास्तु, बंगाली उच्चारात ‘उद्‌बास्तु’. वास्तू आपल्यालाही जवळची आहे, वास्तुशांत आपण करतोच. उद्वास्तु म्हणजे वास्तूपासून उखडलेला. निर्वासितात हाकलणारा आहे, उद्वास्तूत सुटलेलं घर आहे. मला दुसरा शब्द अधिक खरा वाटतो, कारण त्याच्या मध्यभागी घर आहे.

आता ‘नागरिक’ पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणारा अधिकारी म्हणजे नागरक किंवा नागरिक, आणि घरात परका माणूस उतरला किंवा निघून गेला तर घरमालकाने ते त्याच्या यंत्रणेला कळवायचं असा नियम. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात कोळ्याला अंगठीसह पकडून आणणारा राजाचा मेहुणाही नागरिकच. कोळ्याला विचारतात, ही तुझ्याकडे आली कशी? म्हणजे जुना नागरिक पुरावा मागणारा होता. आजच्या नागरिकाला पुरावा द्यावा लागतो.

पुरावा कसला, ते १९५५ चा नागरिकत्व कायदा आणि त्याच्या दुरुस्त्या सांगतात. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, फार थोडे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक; आईवडील कुठले हे विचारायचं नाही. १ जुलै १९८७ पासून दोघांपैकी एक तरी नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा ‘अवैध स्थलांतरित’ नसलेला. तेव्हा आईवडीलही तिकडेच जन्मलेले असतील, तर आजोबांची आणि त्यांची नोंदणी झाली होती का, या प्रश्नाचं उत्तर नातवाच्या दाखल्यापर्यंत पोचतं. ‘दाखला’ शब्दाच्या मुळाशी अरबी ‘दाखिल’ आहे, म्हणजे आत आलेला. आत येऊन साठ वर्षं झाली तरी आत आल्याचा कागद लागतोच.

२०१९ ची दुरुस्ती आणि ११ मार्च २०२४ चे नियम यांनी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदूंसह सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली. मुसलमानांना ती नाही, आणि धर्मावरून केलेला हा भेद मला मान्य नाही. वाट मिळाली त्यांच्यापुढेही पेच आहेच. अर्ज करायचा तर आपण परदेशातून आलो हे आधी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. इतकी वर्षं मतदान केलेल्या माणसाला ते लिहिताना काय वाटेल?

कागदाचा हा जाच निर्वासितांपुरताच नाही. त्यांना जिथे वसवलं त्या गडचिरोलीच्या जंगलाचे जुने रहिवासी गोंड आणि माडिया. गोंडीत गावाला ‘नार’ म्हणतात. तमिळमधलं ‘नाडु’, म्हणजे देश, त्याच कुळातलं. गाव आणि देश यांना एकाच मुळाचा शब्द असलेल्या या लोकांनाही वनहक्काच्या दाव्यासाठी पुराव्याचे कागद गोळा करावे लागलेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. साठच्या दशकात आलेल्यांना ते शक्यच नाही.

या बंगाली कुटुंबांतली बरीच नमशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. एका भावाला सरकारने बंगालमध्ये ठेवलं आणि दुसऱ्याला मुलचेऱ्याला पाठवलं, तर पहिल्याच्या मुलांना जातीचा दाखला मिळतो. दुसऱ्याच्या मुलांना मिळत नाही.