जुन्या गाड्यांचे फोटो मोबाईलवर कसे काढायचे? विंटेज रॅलीला जाण्याआधी हे वाचा

विंटेज कार रॅलीहून परत येताना फोनमध्ये २०० फोटो असतात. रात्री निवांत बघायला बसलं की लक्षात येतं, गाडीचं तोंड फुगलेलं दिसतंय, काळा रंग राखाडी झालाय आणि दारावर आपणच उभे आहोत, हातात फोन धरून. माझ्या पहिल्या रॅलीच्या जवळजवळ सगळ्या फोटोंमध्ये एक गोष्ट होती: माझा पिवळा टी-शर्ट.

यात फोनची चूक फार कमी असते. पॉलिश केलेली जुनी गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. आरशाचा फोटो काढायचा तर आधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं लागतं, सेटिंग नंतर. या लेखात जागा, लेन्स, एक्स्पोजर, रंग आणि एडिटिंग या सगळ्या गोष्टी त्याच क्रमाने बघूया.

विंटेज, क्लासिक आणि हॉट रॉड: फरक काय?

साधारणपणे १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाडीला विंटेज म्हणतात. त्यानंतरच्या जुन्या गाड्या क्लासिक गटात येतात. प्रत्येक क्लबच्या व्याख्येत थोडा फरक असतो. आपल्याकडच्या रॅलीत अगदी जुन्या रोल्स-रॉईसपासून पन्नाशीच्या दशकातल्या फियाट ११०० पर्यंत सगळं दिसतं. हीच ती फियाट, जिला आपल्याकडे लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणतात. तिची पुढची पिढी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा असलेली ही गाडी २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

हॉट रॉड हा प्रकार अमेरिकेतला. जुनी गाडी घ्यायची, मडगार्ड वगैरे काढून हलकी करायची आणि ताकदवान इंजिन बसवायचं. याची सुरुवात १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. तिथल्या कोरड्या तलावांच्या सपाट जमिनीवर पोरं या गाड्या पळवायची. १९३२ ची फोर्ड आजही हॉट रॉडवाल्यांची सगळ्यात लाडकी. भारतात मोटार वाहन कायदा कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मोठे बदल करू देत नाही, त्यामुळे असं रूप आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसतं. पण तुम्ही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत असाल, तर रविवारी सकाळी एखाद्या पार्किंगमध्ये भरलेला छोटा कार शो नक्की सापडेल. खालच्या सगळ्या युक्त्या तिथेही चालतात.

कुठे जायचं, किती वाजता जायचं?

मुंबईत 'विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया'ची रॅली प्रसिद्ध आहे. फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलला या गाड्या जमण्याची परंपरा आहे. अशा रॅली बहुधा थंडीच्या दिवसांत, रविवारी असतात.

शक्यतो लवकर पोहोचा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेला एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल आहे, म्हणजे सकाळचं ऊन त्याच्या मागून येतं. इमारतीच्या सावलीत तेव्हा मऊ, एकसारखा उजेड असतो, आणि चकाकत्या गाडीला हाच उजेड सगळ्यात चांगला. ऊन डोक्यावर आलं की बोनेटवर पांढरे डाग पडतात आणि मडगार्डखाली काळोख होतो. शिवाय गर्दीही वाढते. पहिला एक तास हाच खरा तुमचा.

पायरी १: गाडीत काय दिसतंय ते आधी बघा

फोन खिशात ठेवा आणि गाडीच्या दाराकडे नीट बघा. त्यात आकाश दिसतंय, झाड दिसतंय, की शेजारचा निळा फ्लेक्स? आता एक पाऊल डावीकडे सरका. प्रतिबिंब बदललं ना? गाडीच्या रंगावर जे दिसतं ते तुमच्या जागेवर ठरतं.

- फोन वर-खाली करून बघा. बोनेटमध्ये आकाश आणि दारात रस्ता, असं साधं प्रतिबिंब मिळालं की गाडीचा आकार उठून दिसतो.
- गडद रंगाचे, बिनचित्राचे कपडे घाला. काळ्या गाडीत पांढरा शर्ट लांबूनही ओळखू येतो.
- हेडलाइटची क्रोमची वाटी आणि व्हीलकॅप हे फुगीर आरसे आहेत. कुठूनही बघा, तुम्ही त्यात दिसणारच. उपाय एकच, लांब जाऊन झूम करा. तुम्ही दिसाल, पण ठिपक्याएवढे.

पायरी २: मागे सरका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. साधं गणित बघा. पद्मिनी सुमारे ४ मीटर लांब आहे. तुम्ही तिच्या समोर दीड मीटरवर उभे राहिलात तर हेडलाइट दीड मीटरवर आणि मागचा दिवा साडेपाच मीटरवर. म्हणजे मागचा भाग पुढच्यापेक्षा जवळजवळ पावणेचार पट लांब! म्हणून तोंड मोठं आणि मागची बाजू चिमुकली दिसते. आता ६ मीटरवर जा. पुढचा भाग ६ मीटर, मागचा १० मीटर. फरक दुपटीच्याही आत आला. गाडी आता डोळ्यांना दिसते तशी दिसते.

लक्षात ठेवा, आकार बिघडवते ती लेन्स नाही, अंतर. मागे गेल्यावर गाडी छोटी दिसते म्हणून २x किंवा ३x वापरायचं, एवढंच लेन्सचं काम. तुमच्या फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर उत्तम. नसेल तरी ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्यावर २x चांगलं येतं, कारण तो सेन्सरच्या मधल्या भागातून घेतला जातो. ०.५x मात्र पूर्ण गाडीसाठी टाळा.

आणखी दोन गोष्टी. पहिली, फोन हेडलाइटच्या उंचीवर आणा. उभ्याने काढलेला फोटो बोनेटवरून खाली बघतो आणि गाडी दबलेली वाटते. दुसरी, पुढचा कोपरा तिरका घेताना ज्या बाजूने पुढच्या चाकाचा चेहरा दिसतो ती बाजू निवडा. गर्दीमुळे मागे सरकता येत नसेल तर पूर्ण गाडीचा हट्ट सोडा आणि तपशिलांकडे वळा.

पायरी ३: एक्स्पोजर आणि रंग

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बरेचदा दृश्य मध्यम उजेडाचं करू पाहतं. म्हणून काळी गाडी राखाडी होते आणि पांढरी गाडी मळकट. उपाय उलटा वाटतो पण बरोबर आहे: काळ्या गाडीला एक्स्पोजर थोडं कमी करा, पांढरीला थोडं वाढवा. स्क्रीनवर गाडीला टॅप करा आणि बाजूला आलेलं सूर्याचं चिन्ह खाली-वर सरकवा. बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. क्रोमवर मोठे पांढरे डाग दिसत असतील तर अजून थोडं खाली आणा. अंधारा भाग नंतर उजळता येतो, जळलेला पांढरा परत येत नाही.

रंगाबद्दल एक गंमत. १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत गाड्यांवर बहुधा निकेलचा मुलामा असायचा. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार. नंतर क्रोम आलं, त्याची झाक थंड, निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स हा फरक कधीकधी पुसून टाकतो. प्रो मोड असेल तर उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन आणि सावलीत ६५०० च्या पुढे ठेवून बघा. रॉ फाईलची सोय असेल तर महत्त्वाच्या फोटोंसाठी ती चालू करा, रंग नंतर नीट लावता येतो.

पोलरायझर फिल्टर घ्यावा का?

फोनला चिमट्याने लावायचा पोलरायझर मिळतो. तो फिरवला की काचेवरचं आणि रंगावरचं प्रतिबिंब कमी होतं, आतलं स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड दिसायला लागतो. पण क्रोमवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण धातूवरून परतणारा उजेड वेगळ्या प्रकारे वागतो. घेण्याआधी घरातला पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरून फिरवून बघा. फुकटात अंदाज येईल.

चालत्या गाडीचा फोटो

गाडी स्पष्ट आणि मागचा रस्ता पळताना, असा फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी शटर हळू ठेवून गाडीबरोबर फोन फिरवायचा असतो. अडचण अशी की बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहान-मोठं होत नाही. भर उन्हात शटर १/६० सेकंद केलं तर फोटो पांढराफटक होईल. म्हणून एनडी फिल्टर लागतो. हा लेन्सचा गॉगलच समजा. सावलीत टेलिफोटोवर १/१२५ पर्यंत त्याच्याशिवायही जमू शकतं. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही, वेगळं ॲप घ्यावं लागतं.

फिल्टर नसेल तर वळणावर एका जागी उभे राहा, गाडी जिथे येणार तिथे फोकस लॉक करा आणि बर्स्ट घ्या. रस्त्यात मात्र उतरू नका. जुन्या गाडीचे ब्रेक आजच्या गाडीइतके पटकन लागत नाहीत.

एका गाडीचे ८ फोटो

शंभर गाड्यांचे एकेक फोटो काढण्यापेक्षा पाच गाड्या नीट टिपा. क्रम असा ठेवा:

1. गाडीसमोरचा माहितीफलक, आधी हाच. नाहीतर घरी गेल्यावर कुठली गाडी कुठली ते कळत नाही.
2. पुढचा तिरका कोपरा, लांबून
3. सरळ बाजू, पूर्ण लांबी
4. मागची बाजू, दिवे आणि डिकीसह
5. रेडिएटर आणि त्यावरची मूर्ती किंवा बिल्ला
6. चाक, आऱ्यांसह
7. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग
8. बोनेट उघडं असेल तर इंजिन

हॉट रॉड असेल तर इंजिन उघडंच असतं. तिथे रंगवलेल्या ज्वाळा आणि हाताने ओढलेल्या बारीक रेषा सोडू नका.

एडिटिंग करताना एक सावधानता

गर्दीतला माणूस एआय इरेझरने पुसायचा मोह होतो. पण तो माणूस चाकासमोर असेल तर त्याच्यामागचे आरे फोनला दिसलेलेच नाहीत. मग एआय ते स्वतः बनवतं. खूप झूम केलेल्या फोटोत बिल्ल्यावरची अक्षरंही अशीच बदलू शकतात.

यात काय बिघडलं? ३० वर्षांनी कुणी अशीच गाडी दुरुस्त करायला घेईल तेव्हा मूळ बिल्ला कसा होता, दिवा कुठे होता, हे तो जुन्या फोटोंमध्येच शोधेल. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना वेगळी विंटेज नोंदणी मिळते. त्यांच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असतं. ही नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ती आपल्याला दिसणार रॅलीत आणि प्रदर्शनात. त्या दिवशीचा तुमचा फोटो हा तिचा पुरावा असतो. क्रॉप करा, सरळ करा, उजेड वाढवा, पण गाडीचा कुठलाही भाग एआयकडून बनवून घेऊ नका. सोशल मीडियासाठी बदल केलाच, तर मूळ फाईल जपून ठेवा.

एवढं पाळा

- गाडीला हात लावू नका, टेकू नका. बेल्टचं बक्कल आणि बॅगेची चेन यांनी रंगावर ओरखडे उठतात.
- फोन बोनेटवर किंवा मडगार्डवर ठेवू नका.
- आत डोकावायच्या आधी विचारा. "काका, आतला एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं तर बरेच जण स्वतःहून दार उघडून गाडीची गोष्टही सांगतात.
- मालकाच्या घरच्यांचा, मुलांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

नेहमीचे प्रश्न

*साध्या बजेट फोनवर हे जमेल का?*
हो. लवकर जाणं, मागे सरकणं आणि प्रतिबिंब बघणं याला महागडा फोन लागत नाही. लेन्स मात्र आधी मऊ कापडाने पुसा.

*फ्लॅश वापरू का?*
नाही. चकाकत्या रंगावर तो एक पांढरा ठिपका होऊन परत येतो.

*मालकाला फोटो पाठवावा का?*
जरूर पाठवा. गाडीचे फोटो त्याच्याकडे असतात, पण गाडी चालवतानाचे त्याचे स्वतःचे कमी असतात. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सॲप फोटोची क्वालिटी कमी करणार नाही.