काळं कापड, चिकट रेझिन आणि जॉन ब्रिटन

कार्बन फायबर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फॉर्म्युला वन, लढाऊ विमानं, पांढरे कोट घातलेले लोक आणि किंमत विचारायचीसुद्धा हिंमत होऊ नये असलं काहीतरी. त्यामुळे "बाइकचे कार्बन फायबरचे पार्ट घरी बनवता येतात" असं कोणी म्हटलं, तर पहिली प्रतिक्रिया "काहीतरीच काय!" हीच असते.

पण येतात. नुसता मडगार्ड नव्हे. चाकं, पुढचं सस्पेन्शन, मागचा स्विंगआर्म, सगळं हाताने बनवून एका माणसाने मोठमोठ्या कंपन्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्याचं नाव जॉन ब्रिटन, गाव न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. त्याच्या बाइकबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र त्यातला एकच प्रश्न जास्त छळतो: हे घरच्या वर्कशॉपमध्ये जमलंच कसं? मोठ्या कंपन्या ज्याला हात लावायला बिचकत होत्या, ते एका माणसाला परवडलं कसं?

उत्तरासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

एडिसनने १८७९ मध्ये बल्बसाठी सुती दोरा जाळून त्याची कार्बनची तार केली होती, म्हणजे तसं पाहिलं तर कार्बनचा धागा जुनाच. पण तो ठिसूळ होता, त्याला टांगून काही उचलता आलं नसतं. खरी मजबूत गोष्ट सापडली १९५८ मध्ये. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन भलत्याच प्रयोगात गुंतला होता आणि त्याला ग्रॅफाइटचे केसासारखे बारीक, प्रचंड ताकदीचे तंतू मिळाले. मग जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संस्थेत अकिओ शिंदो यांनी पॅन, म्हणजे पॉलीॲक्रिलोनायट्राइल, या धाग्यापासून कार्बन फायबर करून दाखवलं. हा ॲक्रिलिक स्वेटरच्या लोकरीचा जवळचा नातेवाईक. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संस्थेने त्याची ताकद आणखी वाढवली.

आता जग जिंकलं असं सगळ्यांना वाटलं. रोल्स-रॉइसने आरबी२११ या विमानाच्या इंजिनासाठी कार्बन फायबरची पाती केली. पक्षी आदळला तर काय होतं हे बघायला फिरत्या इंजिनात मेलेली कोंबडी फेकतात (हो, बरोबर वाचलंत). त्या कोंबडीपुढे पाती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं. त्याच इंजिनाच्या एकूण खर्चाखाली रोल्स-रॉइस १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. कार्बन ओढायला जबरदस्त, पण अचानक बसलेल्या धक्क्याला वाकून दाखवत नाही, सरळ फुटतो. हा धडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

त्याच १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने हा धागा व्यापारी प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, मॅक्लारेनने पूर्ण कार्बन फायबरची बॉडी असलेली फॉर्म्युला वन गाडी उतरवली. त्याच वर्षी माँझाला जॉन वॉटसनने ती जोरदार ठोकली, गाडीचे तुकडे झाले आणि पठ्ठ्या चालत बाहेर आला. त्यानंतर कुणाला पटवायची गरज उरली नाही.

आता महत्त्वाचा फरक. यात दोन वेगवेगळी कामं आहेत: धागा बनवणं आणि धाग्यापासून वस्तू बनवणं.

धागा घरी बनत नाही. पॅनचा धागा आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर भाजायचा, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १००० अंशांच्या वर न्यायचा, आणि हे सगळं तो ताणून धरून. शेवटी उरतो सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा तंतू, आपल्या केसाच्या साधारण दहावा हिस्सा. हे काम कारखान्याचंच.

पण हा धागा विणून त्याचं कापड झालं की पुढचं काम चक्क शिंप्याचं आणि मूर्तिकाराचं आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचा कसा वापरतात ते आठवा. हव्या त्या पार्टचा साचा करायचा. तो चिकटू नये म्हणून मेण घासायचं. कापड कात्रीने कापून साच्यात अंथरायचं, इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मोजून मिसळायचे, ब्रशने कापडात जिरवायचे, रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे. मग दुसरा थर, तिसरा थर. जमत असेल तर वरून प्लॅस्टिकची पिशवी लावून व्हॅक्युम पंपाने हवा ओढायची, म्हणजे वातावरणाचा दाबच तुमच्यासाठी थर दाबून धरतो आणि जास्तीचं रेझिन बाहेर पडतं. झालं. दुसऱ्या दिवशी साच्यातून काळा, चकचकीत मडगार्ड निघतो.

विमानाच्या कंपन्या हेच काम रेझिन आधीच भरलेलं कापड वापरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका अवाढव्य प्रेशर कुकरमध्ये, करतात. त्यांच्या पार्टमध्ये धागा जास्त आणि रेझिन कमी असतं, म्हणून तो आणखी हलका आणि मजबूत होतो. पण मूळ कल्पना तीच.

आणि इथेच माझ्या मते खरी गंमत आहे. पत्र्याची बाइकची टाकी बनवायची तर प्रेस आणि स्टीलच्या डाय लागतात. डायचा खर्च प्रचंड, पण एकदा केली की लाखो टाक्या निघतात आणि प्रत्येकीवर तो खर्च किरकोळ होतो. कार्बनचं उलटं. साचा स्वस्त, कापड महाग आणि प्रत्येक पार्टमागे माणसाचे तासन् तास. पहिल्या पार्टला जेवढा वेळ, जवळपास तेवढाच शंभराव्या पार्टला. म्हणजे लाख नग हवे असतील तर कार्बन फायबर परवडत नाही, पण एकच नग हवा असेल तर याच्याइतका सोयीचा मार्ग दुसरा नाही. आपण ज्याला श्रीमंतांचं मटेरियल समजतो, ते खरं तर एकट्या माणसाचं मटेरियल आहे!

ब्रिटनला हे नेमकं कळलं होतं.

१९५० चा जन्म. डिस्लेक्सिया होता, त्यामुळे पुस्तकी अभ्यास जड जायचा. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं ते रात्रीच्या वर्गांत. नंतर काचेचे दिवे बनवले, घरचा प्रॉपर्टीचा धंदा सांभाळला, घोड्यांचे जुने तबेले घेऊन त्यांचं स्वतःचं घर केलं. बाइकच्या रेसिंगचं वेड होतंच. आधी न्यूझीलंडमध्येच बनलेलं डेन्को इंजिन वापरून बघितलं, त्याचा भरवसा वाटेना, तेव्हा साहेबांनी ठरवलं की इंजिनसुद्धा स्वतःच बनवायचं.

त्यातून आली ब्रिटन व्ही१०००. ९९९ सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, सुमारे १६५ हॉर्सपॉवर, वजन १३८ किलो आणि टॉप स्पीड ताशी ३०० किलोमीटरच्या वर. वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आपली पल्सर १५० साधारण त्याच वजनाची आणि ताकद जेमतेम १४-१५ हॉर्सपॉवर.

या बाइकला नेहमीसारखी फ्रेमच नव्हती. इंजिन हाच सांगाडा, बाकी सगळं त्याला जोडलेलं. रेडिएटर सीटखाली, म्हणजे समोरून हवा कापायला गाडी अगदी सडपातळ. मागच्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर इंजिनाच्या पुढे. पुढे टेलिस्कोपिक फोर्कऐवजी कार्बनचा गर्डर, चाकंही कार्बनची. बॉडीचा आकार ठरवायला कॉम्प्युटर नव्हता. ब्रिटनने तार वाकवून आणि गरम ग्लू गनने चिकटवून आकार उभा केला, डोळ्यांना पटेपर्यंत तो बदलला आणि त्यावरून पुढचं काम केलं. इंजिनाचे भाग तापवून कणखर करायला बायकोची मातीची भांडी भाजायची भट्टी वापरली.

मार्च १९९२ मध्ये अमेरिकेत डेटोनाला दोन सिलिंडरच्या बाइकची शर्यत होती. आदल्या रात्री इंजिनाच्या सिलिंडरला तडा गेला. नवा कुठून आणणार? जगात दुसरीकडे तो बनतच नव्हता. रात्रभर जागून वेल्डिंग केलं आणि सकाळी गाडी उभी केली. अँड्र्यू स्ट्राउडने डुकाटीवरच्या पास्कल पिकोटला पुढचं चाक हवेत उचलून मागे टाकलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. आणि शर्यत हातात आली असं वाटत असताना बाइक बंद पडली. कारण? रेक्टिफायर. कार्बनची चाकं टिकली, वेल्ड केलेलं इंजिन टिकलं, दगा दिला तो साध्या इलेक्ट्रिकच्या पार्टने. प्रॉडक्शनला गेलेल्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको :-)

१९९४ मध्ये डेटोनाला स्ट्राउडने ती शर्यत जिंकली. त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या टीटीच्या सरावात ब्रिटन चालवत असताना मार्क फार्मरचा अपघाती मृत्यू झाला. अडीचशेहून जास्त रायडर्सचा बळी घेतलेला तो रस्ता आहे, पण यशाच्या गोष्टीत हे नाव गाळलं जाऊ नये. १९९५ मध्ये बेअर्स मालिकेचं जागतिक विजेतेपदही स्ट्राउडने ब्रिटनवर मिळवलं. आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जॉन ब्रिटन कॅन्सरने गेला. वय फक्त ४५.

व्ही१००० एकूण बनल्या दहा. त्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

फक्त दहाच का? लोक म्हणतात, तो लवकर गेला म्हणून. ते खरंच आहे, पण मला त्यात मटेरियलचाही हात दिसतो. ज्या गुणामुळे एकट्या माणसाला हे जमलं, त्याच गुणामुळे त्याचा कारखाना होणं अवघड होतं. डाय असली की कौशल्य डायमध्ये उतरतं, पुढचा कामगार फक्त बटण दाबतो. कार्बनच्या हाताने केलेल्या पार्टमध्ये कापड कुठल्या कोनात ठेवलं, कुठे दोन थर आणि कुठे पाच, रेझिन किती पिळून काढलं, हे सगळं करणाऱ्याच्या हातात राहतं. ड्रॉइंग देऊन ते दुसऱ्याकडे जात नाही, शेजारी बसून शिकावं लागतं. आमच्या धंद्यात याला बस फॅक्टर म्हणतात: टीममधली किती माणसं उद्या आली नाहीत तर प्रोजेक्ट बुडेल? ब्रिटनच्या भोवती हुशार, जिवाला जीव देणारी माणसं होती, तरी तो आकडा फारसा मोठा नव्हता. मोठ्या कंपन्यांना पूर्ण कार्बन फ्रेमची बाइक विकायला २०१७ उजाडलं. बीएमडब्ल्यूने एचपी४ रेस काढली ती फक्त ७५० नग, डुकाटीने सुपरलेगेरा काढली ती ५००. गणित बदललं नव्हतं.

आपल्याकडे घरी केलेल्या गोष्टीला चटकन 'जुगाड' म्हणायची सवय आहे. ब्रिटनची तारेची आणि ग्लू गनची गोष्ट वाचून तसं वाटेलही. पण जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. हा माणूस साधनं घरची वापरत होता, मोजमाप मात्र जगातल्या सर्वोत्तम गाडीचं लावत होता. फरक तिथे आहे.

तर वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील तर जरूर करून बघा. मडगार्ड, चेन कव्हर, टाकीवरचं कव्हर यांनी सुरुवात करा. हातमोजे घाला, आणि पार्ट घासताना मास्क लावाच. ती काळी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. साध्या तापमानाला सुकणारं इपॉक्सी फार उष्णता सहन करत नाही, त्यामुळे सायलेन्सरच्या जवळचा पार्ट पहिल्याच वेळी नको. आणि चाकं, हँडल, फोर्क यांच्या वाटेला जाऊ नका. ॲल्युमिनियम तुटण्याआधी बहुतेक वेळा वाकून इशारा देतं. कार्बनमध्ये आतले थर सुटले तरी वरून तो तसाच चकचकीत दिसतो. कोंबडीचा धडा आठवतोय ना?

मडगार्ड फुटला तर पाचशे-हजाराचं कापड वाया जाईल. चाकाचं तसं नाही.