बागेतला वाईनचा मंडप आणि दारावरची फांदी

आज आम्ही तुम्हाला इतिहासातल्या चार गोष्टी सांगणार आहोत. पण त्या आम्ही का शोधल्या, ते आधी सांगायला हवं.

मागच्या फेब्रुवारीत आमच्या बचत गटाला शहरातल्या एका मोठ्या बागेत स्टॉल मिळाला. द्राक्षांचा हंगाम होता, त्यानिमित्त तीन दिवसांचा मेळावा भरला होता. आम्ही बेदाणे, नागलीचे पापड, कुरडया आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन पहाटेच्या गाडीने निघालो. जागा छान मिळाली, मोठ्या झाडाच्या सावलीत. माल मांडून झाल्यावर बघतो तर समोरच्याच हिरवळीवर वाईनचा मंडप!

आमच्या गटातल्या थोरल्या आक्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी इथं बसणार नाही." त्यांचं बरोबर होतं. दारूपायी त्यांचा कर्ता माणूस गेला आणि दोन एकर रानही गेलं. त्यावर आमच्यातली एक तरुण सून म्हणाली, "आक्का, ह्या वाईनच्या द्राक्षांची काढणी आपणच केली की. मजुरी घेतली तेव्हा नाही विटाळ झाला!" तिचंही खोटं नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या जणी डिसेंबरपासून मार्चपर्यंत द्राक्षबागांतच राबतात.

दुपारी गर्दी कमी झाल्यावर आम्ही चौघी तो मंडप बघायला गेलो. झाडांखाली टेबलं मांडलेली. नवरा-बायको, मित्र-मैत्रिणी, कुठे म्हातारे आई-वडील घेऊन आलेली कुटुंबं बसलेली. आरडाओरडा नाही. आमच्या गावच्या गुत्त्यावर बाई दिसली तर ती नवऱ्याला ओढून न्यायला आलेली असते. इथे बायका निवांत खुर्चीत बसल्या होत्या. एकवीस वर्षांखालच्यांना मिळणार नाही, अशी पाटी होती. पण पाटीपासून वीस पावलांवर लहान मुलांचे झोपाळे होते. एका ग्लासाची किंमत आमच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास होती. आमच्यातल्या एकीने घोटभर चव घेतली. "आंबट-तुरट लागतंय, काकवी बरी," म्हणाली.

रात्री परतताना गाडीत वाद रंगला. बागेत बसून वाईन प्यायची ही रीत आली कुठून? आणि ती आपल्याकडे रुजावी का? गटातल्या शिकलेल्यांनी वाचून सांगायचं ठरलं. पुढचं सगळं त्या वाचनातून आलं आहे.

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे, व्हिएन्ना ही त्याची राजधानी. तिथे प्राटर नावाची प्रचंड मोठी बाग आहे. आधी ते राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, सामान्य माणसाला तिथे पाऊल टाकायची मुभा नव्हती. १७६६ साली दुसरा जोसेफ या बादशहाने ते रान सगळ्यांसाठी उघडलं. आपल्याकडे तेव्हा थोरल्या माधवरावांची पेशवाई चालू होती. जोसेफची आई मारिया थेरेसा त्या वेळी खुद्द राज्यकर्ती होती, आणि मुलगा तिच्या जोडीने कारभार बघत होता. हुकूम साधा होता. कुणीही यावं, फिरावं, खेळावं. आणि खाण्यापिण्याची दुकानं लावायलाही परवानगी होती. झाडांखाली खाणावळी आल्या, कॉफीवाले आले, पेयं विकणारे आले. मग पाळणे आले, बाहुल्यांचे खेळ आले. आजही तिथली जत्रा चालू आहे, आणि १८९७ साली उभारलेला अवाढव्य पाळणा अजून फिरतो.

म्हणजे बागेत बसून पिण्याची सोय ही बाग सगळ्यांना खुली झाल्याबरोबरच आली. जी सावली आणि हिरवळ फक्त सरदारांची होती, तिथे शिंपी, सुतार आणि त्यांच्या घरच्या बायका-मुलं बसू लागली.

पण आम्हाला जास्त भावली ती याच बादशहाची अठरा वर्षांनंतरची गोष्ट. त्याच्या राज्यात गोरित्सिया नावाचा प्रांत होता. तिथल्या एका जमीनदाराने सक्ती केली होती, की त्याच्या भागातल्या खानावळींनी फक्त त्याचीच वाईन विकायची. द्राक्षं पिकवणाऱ्या बाकीच्यांनी करायचं काय? तक्रार थेट बादशहापर्यंत गेली असं सांगतात. १७ ऑगस्ट १७८४ रोजी हुकूम निघाला. आपण पिकवलेलं खाणं, आपली वाईन, आपल्या फळांचा रस प्रत्येकाला वर्षभर केव्हाही, आपण ठरवू त्या भावाने विकता येईल. आपल्याकडे त्या वेळी महेश्वरला अहिल्याबाई होळकर कारभार बघत होत्या, एवढा हा काळ जुना.

त्या हुकुमातून व्हिएन्नाच्या कडेच्या गावांत एक पद्धत रुजली. तिचं नाव हॉयरिगर. या शब्दाचा अर्थ 'यंदाची'. नवी वाईन तयार झाली की शेतकरी आपल्या दारावर हिरवी फांदी लावायचा. फांदी दिसली की लोकांनी समजायचं, इथे यंदाची वाईन मिळेल. अंगणात झाडांखाली बाकं टाकलेली असायची. जेवणाचा डबा लोक घरून आणायचे. वाईन संपली की फांदी उतरायची आणि शेतकरी परत रानात जायचा. दुकान बारमाही नव्हतं, पीक असेपर्यंतच होतं. पुढे शहर वाढलं, ती गावं शहरात आली, पण मळे टिकले. आजही व्हिएन्नाच्या हद्दीत सुमारे सहाशे हेक्टरांवर द्राक्षवेली आहेत. एवढ्या महागड्या शहरात शेती टिकली, याचं एक कारण म्हणजे पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक थेट दारात मिळालं.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमची बैठक शांत झाली. मग आक्का म्हणाल्या, "तिथला राजा पिकवणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. आपल्याकडे कोण राहिलं?"

म्हणून आम्ही आपल्याकडचा इतिहासही पाहिला. तो अगदी उलटा निघाला. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. ताडीच्या झाडांवर भारी कर बसला. घरोघरी, पाड्यापाड्यावर होणारं गाळप बंद करून ते मोजक्या ठेकेदारांच्या हाती गेलं. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करण्या-विकण्यावरच बंधनं आली. ज्या फुलांवर आदिवासी कुटुंब टंचाईचे दिवस काढायचं, ती फुलं घरात ठेवणं गुन्हा ठरू लागलं. दारू थांबवणं हा त्यामागचा हेतू नव्हता. ठेक्याची दारू खपावी आणि तिजोरीत महसूल यावा, हा होता.

दुकानं मात्र वाढत गेली. १८८० साली पुण्यात दारूची दुकानं वाढायला लागली, तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी लेखी विरोध नोंदवला. दारूने आधी गरिबाचं घर बसतं, हे त्यांना दिसत होतं. आज दुकानाविरुद्ध अर्ज घेऊन उभी राहणारी प्रत्येक बाई त्याच वाटेने चालते आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. आजही परवाने त्याच कायद्याने दिले जातात, आणि हॉटेलांवरची 'परमिट रूम' ही पाटी त्याचीच आठवण आहे. पुढे २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क झाले. आमच्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी खायची द्राक्षं काढून वाईनच्या जाती लावल्या. ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. बाजारात खायला कुणी घेत नाही. कारखान्याने उचलली तरच पैसे. २००८ नंतर मंदी आली, तेव्हा अनेक ठिकाणी कारखान्यांनी माल उचलला नाही. लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या वेली उपटून टाकल्या. त्या वर्षी आमच्यातल्या काही जणींनी आधी ज्या बागेत काढणीची मजुरी घेतली होती, त्याच बागेत वेली उपटायची मजुरी घेतली.

व्हिएन्नाच्या शेतकऱ्यापाशी दारावर लावायला फांदी तरी होती. आमच्या शेतकऱ्यापाशी ती नव्हती. फरक आहे तो इथे. वाईन तीच, द्राक्षही तेच. पण विकायचा हक्क कुणाच्या हातात, यावर पैसा कुठल्या घरात जाणार ते ठरतं.

मग २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचा फायदा होईल असं सांगितलं गेलं. विरोध इतका झाला की निर्णय अमलात आला नाही. तेव्हा आम्हीही विरोधाच्या सह्या केल्या होत्या. आज विचार करताना वाटतं, आमचा विरोध बरोबर होता, पण आम्ही एक प्रश्न विचारायला विसरलो. शेतकऱ्याच्या नावाने निर्णय घेताय, तर किलोमागे त्याला किती जादा मिळणार, हे कागदावर का नाही?

आता कुणी म्हणेल, म्हणजे ताई, तुम्ही वाईनच्या बाजूच्या झालात का? नाही. वाईन म्हणजे द्राक्षाचा रस नव्हे, तीही दारूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. बायकांमधल्या स्तनाच्या कर्करोगाशीही तिचा संबंध आहे. झाडाखाली खुर्चीत बसून प्यायली म्हणून ती औषध होत नाही. सभ्य लोकांची वाईन आणि गरिबाची देशी, असा भेद आम्हाला मान्य नाही. शरीर तो भेद करत नाही.

पण इतिहासाने आम्हाला नवीन दुकान, मंडप किंवा परवाना आला की विचारायचे तीन प्रश्न दिले. पहिला, पैसा पिकवणाऱ्याच्या आणि राबणाऱ्या बाईच्या हातात येतो का, की ठेकेदाराच्या? दुसरा, फांदी उतरवायची वेळ ठरलेली आहे का? म्हणजे किती दिवस, किती वाजेपर्यंत, कुठे? तिसरा, शेजारी राहणाऱ्या बायकांना विचारलं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे थोडंफार आहे. २००८ पासून आपल्या राज्यात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे बंद. पण लक्षात ठेवा, नुसतं आलेल्यांमध्ये बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणून त्या दिवशी माहेरी गेलेली, कामाला गेलेली, आजारी असलेली प्रत्येक बाई मोलाची असते. व्हिएन्नाच्या बादशहाने हुकूम काढताना शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं नव्हतं. आपल्याला विचारणं भाग आहे, हा हक्क आपल्या बायकांनी झगडून मिळवला.

पण तो हक्क गावच्या दुकानापुरता झाला. तीन दिवसांच्या मेळाव्यातल्या मंडपासाठी कोण कुणाला विचारतं?

म्हणून आमच्या गटाने गेल्या महिन्यात एक पत्र लिहिलं. मेळावा भरवणाऱ्यांना कळवलं, की पुढच्या वर्षी आम्हाला स्टॉल हवा आहे, पण मंडप झोपाळ्यांपासून लांब, बागेच्या दुसऱ्या टोकाला असावा. दिवेलागणीला तो बंद व्हावा. आणि ज्या शेतकऱ्यांची द्राक्षं त्या बाटल्यांत आहेत, त्यांना मिळालेला भाव तिथेच फळ्यावर लिहावा. शेवटची अट लिहिताना आमची तरुण सून हसली, "असं कुणी लिहील होय?" आक्का म्हणाल्या, "आपण आपल्या पापडाचा भाव लिहितो ना?"

पत्रावर पहिली सही आक्कांनी केली. दोन वर्षांपूर्वी त्या अंगठा उठवत होत्या. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की तुम्हाला याच कार्यक्रमात सांगू. नाही आलं, तर पुढच्या बैठकीत दुसरं पत्र लिहू.

तुमच्या गटात हा विषय काढा, बायका काय म्हणतात ते आम्हाला कळवा.