पंचवीस की बावन्न?

‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन. पहिलीतील कित्येक मुले म्हणूनच ५२ लिहून मोकळी होतात. मी त्यांच्यावर रागावत नाही.

संगणकांच्या इतिहासात असाच घोटाळा झाला. बेल प्रयोगशाळेतील ‘युनिक्स’ ही प्रणाली पीडीपी-११ या यंत्रावर वाढली. हे यंत्र दोन बाइटांच्या संख्येतील कनिष्ठ बाइट आधी ठेवी; चार बाइटांच्या संख्येत मात्र वरिष्ठ जोडी आधी आणि जोडीच्या पोटात पुन्हा कनिष्ठ बाइट आधी, असा अजब कारभार होता! १९७७ च्या सुमारास स्टीफन जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ वर नेली. तेथे वरिष्ठ बाइट आधी. अशा स्थलांतरात ‘युनिक्स’ची चार रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटून ‘नुक्सी’ उमटण्याचा संभव असे. दोषाला तेच नाव पडले.

१९८० साली डॅनी कोहेन यांनी या दोन पंथांना स्विफ्टच्या ‘गलिव्हर’मधील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्यांची नावे दिली. क्रम कोणताही घ्या, पण एकमत करा, असे त्यांचे म्हणणे.

इंटरनेटसाठी ‘वरिष्ठ आधी’ हा क्रम ठरला. १९८३ च्या बर्कले युनिक्सच्या लायब्ररीत त्यासाठी बाइट फिरविणारी फलने आली. व्हॅक्स यंत्रावर ती बाइट उलटत. ज्या यंत्राचा क्रम मुळातच तसा, तेथे काहीच करीत नसत. खरी मेख येथेच आहे. अशा यंत्रावर प्रोग्रॅम लिहिणारा फलन वापरण्यास विसरला, तरी उत्तर बिनचूक येई. चूक उघडी पडे ती दुसऱ्याच्या यंत्रावर.