बॅटरी उतरली, तरी हँडल आहे!

शिडाच्या नौकेला इंजिन फार थोडा वेळ लागते. पण लागते तेव्हा ते तातडीनेच लागते. वारा पडलेला असतो, ओहोटी नौकेला खडकांकडे ओढत असते आणि स्टार्टरची कळ दाबल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो. रात्रभर दिवे व रेडिओ चालवून बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी जुन्या घडणीच्या लहान डिझेल इंजिनाला हाताने हँडल मारता येते.

डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे वीसपट दाबली गेल्याने ती प्रचंड तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. मात्र हा दाब केवळ मनगटाच्या बळावर पार करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून सिलिंडरच्या माथ्यावर डीकॉम्प्रेशनची दांडी बसविलेली असते. ती उचलली की झडप किंचित उघडी राहते, दाब निसटतो आणि हँडल हलके फिरू लागते. जड फ्लायव्हीलने पुरेसा वेग घेतला की दांडी खाली पाडायची. पुढचा दाब मग हाताने नव्हे, तर फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या गतीने पार होतो. दोन सिलिंडर असल्यास आधी एक दांडी पाडावी आणि इंजिनाने पेट घेतल्यावर दुसरी.

महाराष्ट्रात विहिरीवरचे ऑइल इंजिन सुरू होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे तंत्र नवे नाही. फरक आहे तो जागेचा. नौकेत हेच काम जिन्याखालच्या अरुंद खणात, वाकून आणि डोलत्या तळावर करावे लागते. नॉर्वेच्या साब इंजिनाचे जड फ्लायव्हील त्यासाठी सोयीचे. यानमारच्या ९ अश्वशक्तीच्या एक-सिलिंडरी '१जीएम१०' लाही हाताने सुरू करण्याची सोय होती.

धोके मात्र खरे आहेत. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास वेढलेला अंगठा मोडू शकतो. इंजिन सुरू होताच हँडल सहज सुटून आले पाहिजे, त्यामुळे त्याचे टोक गंजू देऊ नये. बंदरात बांधलेल्या नौकेवर सराव केलेला बरा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. थंडाव्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडणाऱ्या इंजिनात बराच वेळ हँडल मारत राहिल्यास ते बाहेर फेकणारा धूर नसल्याने तेथेच साचते आणि उलट सिलिंडरमध्ये शिरू शकते. म्हणून प्रयत्न लांबल्यास पाण्याची तोटी बंद करावी आणि इंजिन चालू होताच ती उघडावी. इंधनाच्या नळीत हवा अडकली असेल, तर हँडल कितीही मारले तरी उपयोग नाही.

संगणकनियंत्रित इंधनप्रणालीच्या इंजिनांना विजेविना चालताच येत नाही. जहाजांवरील जीवरक्षक नौकांसाठी मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी हाताने सुरू होणारी यंत्रणा किंवा स्वतंत्र असे दोन ऊर्जास्रोत, यांपैकी एक बंधनकारक केले आहे.