प्रवाळाचं छाटकलम

नवरत्नांमध्ये ज्याची गणना होते, मंगळासाठी जे अंगठीत घालतात, ते पोवळं म्हणजे दगड नव्हे. तो समुद्रातल्या बारीक प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा. आज ही गोष्ट शाळकरी मुलंही सांगतील. पण युरोपातल्या विद्वानांना ती पटायला बरीच वर्षं लागली. त्या वादाचा एक धागा आज घराघरांतल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेट्यांपर्यंत येऊन पोचला आहे.

१७०६ मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकानं ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं. त्यावर पांढरी, आठ पाकळ्यांची फुलं उमलली. फुलं आली म्हणजे ही वनस्पतीच, असं त्यानं ठरवलं. पुढे मार्सेयचा वैद्य पेसोनेल म्हणाला, ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या रेओम्यूरला हे इतकं विचित्र वाटलं, की १७२७ मध्ये त्यानं हे मत मांडताना पेसोनेलचं नावच घेतलं नाही.

मग १७४० मध्ये हॉलंडमध्ये मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम ट्रॅम्ब्ले याला डबक्याच्या पाण्यात एक हिरवा जीव दिसला. वनस्पती की प्राणी? त्यानं सरळ तो कापला. फांदी लावली तर जगते, प्राणी कापला तर मरतो, असा त्याचा हिशेब. दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले! पण तो जीव चालत होता, भक्ष्यही पकडत होता. म्हणजे कलमानं वाढणारा प्राणी या जगात आहे, हे सिद्ध झालं. १७४२ मध्ये रेओम्यूरनं पेसोनेलचं श्रेय जाहीरपणे मान्य केलं.

काचपेटीची कथा शंभर वर्षांनंतरची. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन ही इंग्रज स्त्री टॉर्की इथून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली. पाणी खेळतं राहावं म्हणून तिनं ते सुईदोऱ्यानं मोठ्या स्पंजावर टाचले. मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, त्यात हवा मिसळावी म्हणून. पुढच्या वर्षी अ‍ॅनानं समुद्रवनस्पती लागलेले खडक मागवले. प्रवाळ जगले, वाढले. १८५९ मध्ये तिनं त्यांच्या वाढीवर लेख लिहिला. त्या मोलकरणीचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

१९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी लिहिलं, की जिवंत खडक, उजेड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ टिकतात. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी ही पद्धत आणखी पक्की केली, आणि घरी वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे हातोहात फिरू लागले.

या कामात मृदू प्रवाळ सगळ्यांत सोपे. ते पोवळ्याचेच नातलग. त्यांनाही आठ शुंडके असतात, पण सांगाडा सलग नसून मांसात विखुरलेल्या चुनखडीच्या कणांचा. अळंबीसारखा दिसणारा सार्कोफायटन घ्या. धारदार पात्यानं त्याच्या छत्रीचा तुकडा कापायचा, लहानशा खडकावर दोऱ्यानं किंवा रबरबँडनं अलगद बांधायचा आणि मध्यम प्रवाहात ठेवायचा. काही दिवस तो आक्रसून बसतो. काही आठवड्यांत खडकाला चिकटतो. अ‍ॅनाचा सुईदोरा अजून उपयोगी पडतो तो असा! दोन पथ्यं मात्र हवीत. कापताना विषारी रसायनं सुटतात, म्हणून थोडं पाणी बदलायचं आणि गाळणीत कोळसा ठेवायचा. आणि बटणांसारखे दिसणारे झोअँथिड हे दुसरे जीव हातमोजे आणि चष्म्याशिवाय कापू नयेत; त्यांतल्या काहींमध्ये अतिशय जहाल विष असतं.

हा नुसता छंद आहे का? बाजारातला प्रत्येक प्रवाळ पूर्वी कुठल्या तरी खडकावरून ओरबाडून आणलेला असे. आपल्याकडे २००१ मध्ये सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवणच्या समुद्रातले दगडी प्रवाळही त्यातच. घरी कापलेला एक तुकडा समुद्रातला एक प्रवाळ वाचवू शकतो, पण घेणाऱ्यानं ‘हा कुठून आला?’ असं विचारलं तरच.

आणि कलमाची मर्यादाही ओळखायला हवी. आंब्याच्या कलमाला मूळ झाडाचाच आंबा लागतो, तसा प्रवाळाचा तुकडा मूळ प्रवाळाची हुबेहूब नक्कल असतो. जे ऊन एकाला सोसत नाही, ते त्याच्या शंभर तुकड्यांनाही सोसत नाही. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. तापणाऱ्या पाण्यात टिकायचं तर वेगवेगळ्या गुणांची संतती हवी, आणि ती समुद्रातल्या बीजमीलनातून येते. पात्यानं संख्या वाढते, वाण वाढत नाही. म्हणून काचपेटी जरूर सांभाळावी. पण तिला समुद्राची जागा देता येणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)