कॉक्रेन गॅम्बिट : नामकरण आणि इतिहासातील विस्मृती

प्रस्तावना : बुद्धिबळातील प्रारंभांची नावे ही खेळाच्या इतिहासाची साधने होत. मात्र ती पटाच्या एका बाजूचीच स्मृती जपतात. पेट्रॉव्ह बचावाविरुद्धचे कॉक्रेन गॅम्बिट हे याचे बोलके उदाहरण आहे.

डावाचे स्वरूप : रशियन खेळाडू अलेक्झांडर पेट्रॉव्ह (१७९४-१८६७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बचावात काळा आपले प्यादे राखण्याऐवजी पांढऱ्याच्या प्याद्यावर प्रतिहल्ला करतो. हा बचाव भक्कम मानला जातो. त्याविरुद्ध कॉक्रेन गॅम्बिटमध्ये पांढरा चौथ्याच चालीत राजाकडील उंटापुढचे प्यादे मारून घोड्याचे बलिदान करतो. वजीर व हत्ती एकाच वेळी धोक्यात आल्याने काळ्या राजाला घोडा मारावा लागतो आणि त्याचा कॅसलिंगचा हक्क संपतो. मोबदल्यात पांढऱ्यास दोन प्यादी आणि प्रबळ केंद्र लाभते.

कलकत्त्यातील डाव : स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन (१७९८-१८७८) यांनी १८४८ पासून कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी शेकडो डाव खेळले. हे गॅम्बिट त्याच डावांतून पुढे आले. बॅनर्जी देशी पद्धतीवर घडलेले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. त्यामुळे उंट बाजूने काढून केंद्रावर दुरून दाब आणण्याची त्यांची शैली स्वाभाविक ठरते. १८५५ मधील एका डावात त्यांनी योजलेली रचना पुढे ग्रुनफेल्ड बचाव म्हणून प्रसिद्ध झाली. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी ती १९२२ मध्ये प्रचारात आणली. इंग्रजी नियतकालिकांत मात्र बॅनर्जींचा उल्लेख अनेकदा केवळ ‘ब्राह्मण’ असा आढळतो.

उत्तरकाळ : १९९९ मध्ये लिनारेस येथे व्हेसेलिन टोपालोव्ह यांनी व्लादिमिर क्रॅमनिक यांच्याविरुद्ध हे गॅम्बिट योजले, डाव बरोबरीत सुटला. काटेकोर विश्लेषणात हे बलिदान सदोष ठरते. तरी प्रत्यक्ष पटावर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

निष्कर्ष : कॉक्रेन यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, बॅनर्जींचे डाव त्यांच्याच नोंदींमुळे उरले. तथापि नोंद ठेवण्याची साधने ज्याच्या हाती, त्याच्याच नावाने परंपरा ओळखली जाते. म्हणून नामावलीपेक्षा मूळ डावांचे वाचन करणे इतिहासाच्या अभ्यासकास अगत्याचे ठरते.